मारोतरावाच्या घरचं कारलं

…कारलं! अहो, कारलं खाल्लं जी त्यानं! माहा पोट्टा अश्वजित, जो घरी पिशवीत कारलं दिसलं का उंबरठ्यावरूनच वापस फिरते, त्यानं शेजारच्या मारोतरावाच्या घरी कारल्याची भाजी खाल्ली, वरतून आपलं ताट धुतलं, अन् म्हणे कसा, "काकू, लय मस्त झाली!" मंग घरी काहून नाई? सांगा न तुमीच, घरी काहून नाई?

तुमाले सांगतो, चूक माहीच. आमचा अश्वजित नऊ वर्षांचा, मारोतरावाची रिता दहाची, अन् दोघंबी मायबापाचं एक अक्षर आयकत नाईत. 'अभ्यास कर' म्हटलं का पोट दुखते, 'मोबाइल ठेव' म्हटलं का कानच बंद! एक दिवस आमी दोघं बाप तोंडं पाडून बांधावर बसलो होतो, तं माह्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, "मारोतराव, धानाच्या रोवण्याले आपण काय करतो? आज सारे तुमच्या बांधीत रोवाले, उद्या सारे माह्या बांधीत. तसंच पोट्ट्यांचं करू! आठ दिवस माहा तुमच्या घरी, तुमची माह्या घरी." मारोतरावानं पाठीवर थाप मारली, "परसरामभाऊ, डोस्कं हाय तुमाले!" नोतं जी! अजिबात नोतं!

रिता आमच्या घरी पाच वाजता उठून पाढे म्हणाले लागली, सरितेले, म्हणजे माह्या बायकोले, भाजी निवडून देऊ लागली! तिची माय कुंतावयनी कुंपणावरून पाहून रडे, "अवो माय! घरी तं पाण्याचा गिलास नाई उचलत! घरी काहून नाई?"

आठ दिवसांनी मी पोट्ट्याले आणाले गेलो. म्हटलं, "चाल बेटा घरी." तं तो वहीतून मान वर करून म्हणते, "बसा काका. गणितं झाली का येतो."

काका! मले! सख्ख्या बापाले! मी तिथंच उंबरठ्यावर बसलो जी, खोटं कायले सांगू? मारोतराव माह्या बाजूले बसून मले समजावते, "भाऊ, मनाले लावून घेऊ नका, मी गेलो तं रितानं मले च्या इचारला, पाहुणे म्हणून!" अन् समजावता समजावता तोच रडाले लागला, मंग मले त्याले समजवा लागलं.

आणला न पोट्टा घरी. उंबरठा ओलांडला का पुन्हा मोबाइल, पुन्हा कान बंद! आता मले त्याच्यासंग दोन शब्द बोलाचे असले, तं मी त्याले मारोतरावाच्या घरी नेतो. तिथं 'काका' म्हणते, पण बोलते तं! अन् मारोतराव रिताले घेऊन माह्या घरी. रस्त्यात आमी भेटतो. तो म्हणते, "जय भीम," मी म्हणतो, "रामराम," अन् दोघंबी बाप व्हाले दुसऱ्याच्या घरी जातो.

सरितानं हे सारं पाह्यलं, अन् एक दिवस कमरेवर हात ठेवून म्हणते, "अजी, कारलं तं तुमीबी खात नाई, ताट उचलत नाई, मी बोलली का कानच बंद. सोमवारपासून तुमीबी कुंताबाईकडं!"

हसून राहिले? गेलो न जी! ताटात कारलं आलं, मी निमूट खाल्लं. वयनी पाहतच राहिली. "भाऊजी, इथं तं गुपचूप खाऊन राहिले, मंग घरी काहून नाई?"

अश्वजितले मी संगच नेलं होतं, तो बाजूलेच जेवून राहिला होता. त्यानं हळूच कोपर मारलं, अन् म्हणते, "चूप खाऊन घ्या न बाबा, इथं असंच असते."

बाबा म्हटलं जी त्यानं!… म्हटलं, "वयनी, आणखी थोडं वाढा."