पुष्पाबाई आणि मंडळी

तुषार : त्या गादीला टेकू नका पुष्पाआजी, ती भिंतीला नुसती उभी केलीय. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. इकडे खुर्चीवर बसा. आणि त्या गाण्यावरून भांडायला आला असाल तर आधीच सॉरी बोलतो.

पुष्पा : भांडायला वरोरवरून तलासरीला गाड्या बदलत कोण येईल? भांडण मला घरबसल्या मिळतं. तुषार तूच ना? डीजेवाला?

तुषार : हो, मीच.

पुष्पा : ते 'लहान गो, लहान गो' तूच केलंस?

तुषार : मीच. या सीझनला डहाणू तालुक्यात ते वाजलं नाही अशी हळद दाखवा. पोरं नुसती वेडी झालीत. पण खरं म्हणजे तुमचा आवाजच तसा आहे. मी काय, खाली बीट लावली.

पुष्पा : माझा आवाज नाही तो.

तुषार : असं कसं? आमच्या काशीनाथमामाच्या कॅसेटमधून घेतलाय. मामाचं मंडपाचं काम होतं ना, त्यानेच तुमच्या वरोरच्या एका हळदीत माइक लावून भरलेली. वर स्पष्ट लिहिलंय, 'वरोरच्या पुष्पाबाई आणि मंडळी'.

पुष्पा : मंडळी कसली? एकटी काळी होती.

तुषार : काळी कोण?

पुष्पा : माझी झीलकरीण. मी पुढे ओळ म्हणायची, तिनं मागून झील धरायची. 'पाटावर बसली पोर, अंगण झालं लहान', ही माझी ओळ. 'लहान गो, लहान गो', ही तिची. तू माझी ओळ टाकून दिलीस आणि तिची तेवढी ठेवलीस.

तुषार : आयला. सॉरी आजी, पण तुमच्या ओळीवर ताशा वाजत होता, साफ निघेचना. हा आवाज मोकळा होता, म्हणून हाच कापला. अंगणाचं तर मला माहीतच नाही. पोरांना वाटतं, पोरीची कंबर लहान.

पुष्पा : वाटू दे. तिचा आवाज घेतलास ते बरं केलंस. उभ्या जन्मात तिला कोणी पुढे बसवलं नाही. जंगलपट्टीतली ती, तुमच्या इकडचीच. आमच्याकडे बोंबील सुकवायला यायची. काम करता करता दोघी गायला लागलो. हळदीला नेली की बायका कुजबुजायच्या, कामाच्या बाईला कशाला आणलं. मी म्हणायचे, मग तुम्ही धरा झील. की गप बसायच्या.

तुषार : त्यांना भेटायला पाहिजे मला. कुठे असतात आता?

पुष्पा : गेली. तीन वर्षं झाली.

तुषार : ओह.

पुष्पा : तोंड पाडू नकोस, तुला काय माहीत? मी कशाला आले ते ऐक. रविवारी माझ्या नातीची हळद आहे, सरिताची.

तुषार : माहितीय, त्या हळदीला डीजे माझाच आहे.

पुष्पा : तेच. पोरगी हटून बसलीय, डीजे लागायच्या आधी आजीचं एक तरी गाणं पाहिजे. काळी गेल्यापासून मी हळदीत तोंड उघडलेलं नाही. झील नाही तर गाणं लंगडं. मला काळीचा आवाज काढून दे, तुझी ती धडधड नको. मोबाइलात घालून दे. मी गाईन, ती मागून धरेल.

तुषार : एवढंच? आत्ता देतो. पण आजी, घरात कोणी शिकलं नाही हे?

पुष्पा : सुनेला शिकवायला बसले एकदा. तिचा फोन वाजला, उठून गेली. मग तिनंही विचारलं नाही आणि मीही बोलावलं नाही. वाईट नाही ती. घर भरलेलं आहे रे, हाक मारली की ओ येते, ताट वेळेवर समोर येतं. पण मी एक बोलले तर त्याच्या पुढचं बोलणारं कोणी उरलं नाही. फार एकटं वाटतं मला. खाऊनपिऊन सुखी म्हातारीनं असं बोललं तर लोक म्हणतील, हिला सुख टोचतंय.

तुषार : मी नाही म्हणणार. सगळा मांडव माझ्या गाण्यावर नाचतो, पण 'जेवलास का' असं कोणी विचारत नाही. वायरी गुंडाळून होईपर्यंत भांडी घासायला गेलेली असतात.

पुष्पा : रविवारी माझ्या पंगतीला बस. आता लाव तिला.

(खोलीत काळीचा आवाज येतो, एकटाच : 'लहान गो, लहान गो'.)

पुष्पा : परत लाव.

तुषार : लावलं.

पुष्पा : घसा बसलेला तिचा त्या दिवशी. कळलं तुला?

तुषार : मला वाटलं, टेप घासलीय. किती साफ केलं, जाईच ना.

पुष्पा : गेलं नाही तेच बरं.

तुषार : आता फिरता ठेवतो, म्हणजे आवाज आपोआप परत परत येईल. तुम्ही मध्ये तुमची ओळ म्हणा.

पुष्पा : 'पाटावर बसली पोर, अंगण झा...' थांबव. ही मध्येच घुसली.

तुषार : ती ठरलेल्या वेळेलाच येणार. तुम्ही थोडं लवकर संपवून बघा.

पुष्पा : आम्हांला कोण घाई करणार होतं? माझा शब्द पुरा पडेपर्यंत काळी थांबायची.

तुषार : मग असं करू. मी बटणावर बोट ठेवतो. तुमची ओळ संपली की दाबतो.

पुष्पा : 'पाटावर बसली पोर, अंगण झालं लहान.'

तुषार : दाबलं.

पुष्पा : उशीर झाला. पुढचं कडवं घेते, लक्ष ठेव. 'उंबऱ्यावर ठेवला पाय, उंबरा झाला लहान.'

तुषार : आता? आता तर बरोबर पडलं ना?

पुष्पा : पडलं बरोबर. पण ह्या कडव्याला तिचा आवाज खाली उतरायचा. पोर घराबाहेर निघाली ना रे. इथे बायका डोळ्यांना पदर लावायच्या. तुझी काळी आहे तशीच, अजून अंगणातच उभी आहे.

तुषार : आवाज खाली आणता येतो. रडल्यासारखापण करता येईल.

पुष्पा : नको. तिला आता काही करू नकोस.

तुषार : मग सरिताला काय सांगणार?

पुष्पा : ते मशीन बंद कर जरा.

तुषार : केलं.

पुष्पा : 'पाटावर बसली पोर, अंगण झालं लहान.'

तुषार : ...पुढे? विसरलात का आजी?

पुष्पा : विसरायला काय झालं? तिची ओळ चाललीय. तेवढी जागा सोडायची, मग माझं दुसरं कडवं.

तुषार : भर मांडवात? लोकांना वाटेल म्हातारी अडकली. कोणीतरी शिट्टी मारेल.

पुष्पा : मारू दे. तिच्या जागेवर मला दुसरं कोणी नको. तीसुद्धा नको, अशी डब्यातली. रविवारी असंच गाणार मी.

तुषार : बरं. तुमचं होईपर्यंत मी काही वाजवणार नाही. कोणी कितीही ओरडलं तरी.

पुष्पा : हं. आता गप. परत घेते. 'पाटावर बसली पोर, अंगण झालं लहान.'

तुषार : ...

पुष्पा : ...

तुषार : झाली का तिची ओळ?

पुष्पा : नाही अजून. तिचा दम लांब होता.