सिएटलच्या धक्क्यावरची हाक

आमच्या हिनं लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी कधी माझं नाव घेतलं नव्हतं. सगळा संसार 'अहो'वर चालला. पण अमेरिकेत काय झालं, ऐका.

बॉथेलला लेकीकडे जाऊन तीनच दिवस झाले होते. सिएटल बघायला गेलो. लेक बोटीची तिकिटं काढायला गेली, मी पाण्यावरचे पांढरे पक्षी बघत राहिलो आणि गर्दीत हिची नि माझी चुकामूक झाली. मला मराठी पाटी वाचता येत नाही, तिथं इंग्रजी कुठून येणार? फोनही लेकीच्या पिशवीत. म्हटलं, जागचं हलायचं नाही.

तेवढ्यात लांबून हाक आली, "अहो!"

मी वळलो, तर आणखी तिघे वळले. एकानं शेजारी उभ्या बायकोला विचारलं, "काय गं?"

"मी कुठं हाक मारली?" ती म्हणाली.

पुन्हा "अहो!", पुन्हा तेच तिघे वळले. त्या उंच माणसांमागे मी हिला दिसेना. हिचा आवाज रडवेला झाला. मग पदर खोचून ही बाकावर चढली आणि ओरडली, "दगडू बाळा पवार!"

मी गप्प.

"ओ दगडू पवार!"

त्या तिघांतला एक हसत म्हणाला, "काका, तुम्हीच ना? ओ द्या की!"

मी ओ दिली. ही धावत आली. "दोनदा नाव घ्यायला लावलंत! पहिल्यांदा ऐकू आलं नाही?"

"आलं की," मी म्हटलं. "म्हणून तर गप्प बसलो."