डाव्या दारावरचे ओरखडे

विम्याच्या कागदांसाठी ज्योती धुळ्याच्या शोरूममध्ये तासभर ताटकळली होती, त्यामुळे शेजारच्या सोफ्यावरच्या बापलेकांचं बोलणं तिला ऐकणं भागच होतं. समोर त्यांची नवी कोरी गाडी उभी होती.

"जीवन, हाई ते आपली जुनी जीपच शे ना?"

"तशी दिसते, आबा. गोल दिवे, उभी जाळी, चौकोनी पाठ. आता हीच फॅशन आहे."

"तुन्हा लगीनले तूच बोलना, पाहुणा हसतीन, जीप भंगारमा दी टाका."

"ती जुनी होती."

"नि हाई?"

"जुन्यासारखी आहे."

"बोनेटवर वऱ्हाडी बठतीन?"

"नको, पत्रा दबेल."

"मांगे चाक शे?"

"नुसतं कव्हर आहे, आबा."

शोरूमची मुलगी आली. "सर, दारावर ओरखड्यांचं स्टिकर लावायचं? रानात फिरलेल्या जुन्या जीपसारखं वाटतं."

"जीवन, आपली जीपवर ओरखडा तूच पाडेल व्हतात, खिळा घीसन. मी तुले मारेल व्हतं."

"हो, आबा."

"आते त्याच ओरखडा पैसा दीसन इकत लेस?"



"आबा, कोणत्या दारावर होते ते?"

"डावा."

"मॅडम, डाव्या दारावरच लावा."