दानिलोने केलेलं भाषांतर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आम्हा निम्म्या गावाच्या मुख्याध्यापिका एमेरेन्सिया बाई. शेजारी बसलेले आपले फादर सिप्रियान. मैदान समितीचे सन्माननीय सभासद. सत्कारमूर्ती एल्पिदिओ ग्रुयोन मास्तर आणि रेइना वहिनी. आणि मिठागरावरची पाळी संपवून, पाय धुऊन थेट इथे आलेल्या माझ्या मोंतेक्रिस्तीकर बंधुभगिनींनो,

मागच्या खोलीतून रानओव्यात मुरलेल्या बोकडाचा वास येऊ लागला आहे. त्या वासापुढे कुठल्याच वक्त्याचा टिकाव लागत नाही, याची मला जाणीव आहे. पण आज बोलायचं ते मी मास्तरांची परवानगी घेऊन बोलणार आहे, आणि ही परवानगी मिळायला फार वर्षं लागली. तेव्हा थोडा धीर धरा.

माझी ओळख द्यायला नको. मी नेरेओ. आता बर्फाचा कारखाना चालवतो, एके काळी बेसबॉलमध्ये मास्तरांनी फेकलेले चेंडू झेलणारा त्यांचा कॅचर होतो. मास्तरांचाच नव्हे, दानिलो सोसियासचाही. हे नाव घेतल्याबरोबर पहिल्या रांगेतल्या काही माना खाली गेल्या, काही जणांनी तोंड वाकडं केलं. ते मला इथून दिसलं. असू द्या.

मित्रहो, दोघांत श्रेष्ठ पिचर कोण, हा वाद आपल्या गावात न्हाव्याच्या दुकानापासून अंत्ययात्रेपर्यंत चालतो. मला तर रस्त्यात थांबवून विचारतात. काय सांगू? दानिलोचा चेंडू नुसता वेग होता. हातमोज्यात बसला की तळहात रात्री जेवतानासुद्धा झिणझिणायचा. एल्पिदिओचा चेंडू तसा नव्हता. तो यायचा सरळ, गरीब चेहऱ्याने, आणि फलंदाजाच्या पुढ्यात आल्यावर मान खाली घालायचा. फलंदाज वाऱ्यावर बॅट फिरवून आपल्याच पायांकडे बघत राही. एकाला भ्यायचे, दुसऱ्यापुढे फसायचे. यात लहानमोठं कसं ठरवायचं?

पण वर, उत्तरेत, अमेरिकेत, ते ठरवतात. ठरवावंच लागतं, कारण तिथे पैसा मोजायचा असतो. आणि पिचरचा भाव ठरतो तो त्याच्यासारख्या दुसऱ्या पिचरवरून. आपण जमीन विकताना विचारतोच ना, शेजारच्याची कितीला गेली? तसंच. एल्पिदिओ आणि दानिलो एकाच वर्षी वर गेले, सारखेच हंगाम खेळले, जिंकलेले सामनेही जवळपास तेवढेच. संघ निराळे, पण हिशेबाच्या कागदावर ते जुळे भाऊच. एकाची सही झाली की दुसऱ्याचा भाव ठरलाच म्हणून समजा.

त्या जानेवारीत दोघेही घरी आले होते. एल्पिदिओच्या संघाने त्याला पाच वर्षांचा करार देऊ केला होता, तीन कोटी डॉलरचा. गावाला तर गरगरायला लागलं. दोन्या उबाल्दा, मास्तरांची आई, बाजारात तळलेल्या भाकऱ्या विकायची. तिने त्या दिवशी भाकऱ्या फुकट वाटल्या. दानिलोचं मात्र त्याच्या संघाशी बिनसलं होतं. फेब्रुवारीत त्याला पगाराचा तंटा मिटवणाऱ्या पंचांपुढे उभं राहायचं होतं. तिथे त्याचाच संघ त्याच्या तोंडावर सांगणार, की हा तेवढ्या किमतीचा नाही.

एका संध्याकाळी डोमिनो चालला होता. दानिलो सोंगटी आपटत, हसत हसत म्हणाला, "तीन? अरे, तुझी किंमत पाचाच्या खाली नाही. तू तिनाला सही केलीस तर मला कोण कुत्रं विचारणार?"

एल्पिदिओ म्हणाला, "म्हणजे माझ्या हाताची काळजी तुला तुझ्या खिशापायी."

सगळे हसले. दानिलोही हसला. पण ते वाक्य टेबलाभोवतीच्या माणसांनी घरी नेलं.

पुढच्या आठवड्यात संघाचा माणूस कागद घेऊन उबाल्दाच्या अंगणात आला. कुंपणापलीकडे निम्मं गाव उभं होतं. आज इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्यात होते. त्या माणसाला आपली भाषा येत नव्हती आणि एल्पिदिओची इंग्रजी जेवण मागण्यापुरती. दानिलोला बरी येत होती, म्हणून दुभाष्या तोच. मी त्यांच्यासोबत बसलो होतो. तुम्ही काय पाहिलंत? दानिलो त्या गोऱ्या माणसाशी काहीतरी बोलला. गोऱ्या माणसाचा चेहरा उतरला. त्याने दोन-चार प्रश्न विचारले, दानिलोने उत्तरं दिली. मग त्याने कागद पिशवीत घातले, पाणी न पिताच उठला आणि गाडीत बसून गेला. सही झाली नाही. तीन कोटी आले तसे गेले.

फेब्रुवारीत दानिलो पंचांपुढे जिंकला. पुढे काही वर्षांनी त्याने अकरा कोटींचा करार केला. एल्पिदिओला संघाने एकाच वर्षाचे पैसे दिले. त्याचं कोपर कापलं, शिवलं, पण तो मान खाली घालणारा चेंडू काही परत आला नाही. लहानसहान गावांच्या संघांतून दोन-तीन हंगाम भटकून तो घरी आला आणि आपल्या मैदानावर पोरांना शिकवायला उभा राहिला. तो आजवर तिथेच होता.

गावाने दोन आणि दोन चार केले. त्यात गावाचा दोष म्हणावा तर कसा म्हणावा? जे दिसलं त्यावरून कुणीही तेच म्हटलं असतं. पण आपण पुढे काय केलं तेही आठवा. दानिलो हिवाळी सामन्याला आला तेव्हा स्टँडमधून कुणीतरी ओरडलं, "कितीला विकलास रे भावाला?" आणि सगळ्या मैदानाने शिट्ट्या वाजवल्या. त्याने मैदानावर दिवे लावून देतो म्हणून कळवलं, तर समितीने नको म्हणून निरोप धाडला. आपली पोरं अंधार पडला की घरी गेली, पण त्याचे दिवे आपण घेतले नाहीत. हळूहळू तो यायचाच थांबला. सांतियागोला घर केलं.

आता त्या अंगणात काय बोलणं झालं ते ऐका.

त्या माणसाने करार पुढे सरकवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला: हात ठीक आहे ना? दानिलोने भाषांतर केलं. एल्पिदिओ, कुंपणापर्यंत पोचणार नाही अशा आवाजात, म्हणाला, "नाही. सांग त्याला, कोपर दुखतं. सहाव्या-सातव्या डावात बोटांना मुंग्या येतात."

दानिलो चेहऱ्यावर काही न दाखवता, आपल्या भाषेत, हळू आवाजात म्हणाला, "वेडा आहेस का? मी सांगतो ठीक आहे म्हणून. तू नुसती मान हलव. सही कर, मग बघू."

"तुझ्या फेब्रुवारीचं काय?"

"माझा फेब्रुवारी गेला खड्ड्यात. सही कर."

एल्पिदिओ म्हणाला, "लंगडी शेळी बाजारात नेली तर आपण आधी सांगतो ना, लंगडी आहे म्हणून? मी लपवलं आणि एप्रिलमध्ये हात गेला, तर उद्या मोंतेक्रिस्तीच्या पोराला दारात कोण उभं करेल? म्हणतील, तिकडची माणसं दुखणं लपवून विकतात. सांग त्याला."

दानिलोने पुन्हा विचारलं, "खरंच सांगू?"

"सांग रे."

आणि दानिलोने सांगितलं. जसं होतं तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. लोकहो, त्याने केलेला विश्वासघात तो एवढाच.

तुम्ही विचाराल, मग हे तेव्हाच का नाही सांगितलं? मास्तर सांगायला निघालेच होते. त्यांना दानिलोने अडवलं. उबाल्दा आत भिंतीला टेकून रडत होती, शिव्या देत होती, त्या सोसियासच्या पोराने माझ्या लेकराचं वाटोळं केलं म्हणत होती. दानिलो म्हणाला, "आत्ता आत जाऊन सांगशील की आई, मीच माझ्या तोंडाने घालवलं? ती उभी कोसळेल. मला देऊ दे शिव्या. लहानपणापासून तिच्या भाकऱ्या खाल्ल्यात मी, तेवढ्या शिव्या मला पचतील." मग माझ्याकडे वळला: "नेरेओ, तूही तोंड उघडायचं नाहीस."

आम्हाला वाटलं, चार महिन्यांत तिचा राग निवेल, मग सांगू. पण राग निवला नाही. कोपर कापलं तेव्हा वाढला, दानिलोचे अकरा कोटी ऐकले तेव्हा आणखी वाढला. जसजसं तिचं वय होत गेलं तसतसं सांगणं अवघड होत गेलं. मास्तर दर नाताळाला सांतियागोला जात, गावाला सांगत की बहिणीकडे जातो. बहीण सांतियागोत नाही हे अर्ध्या गावाला माहीत होतं, पण कुणी विचारलं नाही.

यंदा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दोन्या उबाल्दाने अंथरूण धरलं. एक दिवस तिने मुलाला सांगितलं, दानिलोला बोलाव. मास्तर घाबरले, म्हणाले, आई, आता कशाला भांडण? ती म्हणाली, बोलाव म्हणते ना.

दानिलो आला. केस पांढरे झालेले, दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. रेइना वहिनींनी उपासाची राजम्याची गोड खीर केली होती. उबाल्दाने त्याला पलंगाशी बसवलं, वाटी हातात दिली आणि खायला लावलं. मग म्हणाली, "मी ह्याचे शर्ट धुवत होते. ह्याला हात डोक्यावर नेता येत नाही, हे मला दिसत नव्हतं का? आणि हा खोटं बोलणाऱ्यातला नाही, हेही मीच शिकवलं. मला सगळं ठाऊक होतं."

मास्तर म्हणाले, "मग आई, एवढी वर्षं ह्याला शिव्या का दिल्यास?"

ती म्हणाली, "कुणावर तरी रागवायलाच हवं होतं मला. तुझ्यावर रागावले असते तर तू मोडला असतास. हा दणकट होता. आणि हा मला सोडून जाणार नाही हे मला माहीत होतं."

दानिलोने वाटी पुढे केली आणि आणखी खीर मागितली.

दोन्या उबाल्दा आता नाही. ज्या जिवाला जपण्यासाठी ही गोष्ट झाकून ठेवली होती, त्याने डोळे मिटले. मागच्या महिन्यात मास्तरांच्या निवृत्तीच्या ह्या समारंभाचा दिवस ठरला तेव्हा ते मला म्हणाले, नेरेओ, माझं कौतुक करू नकोस, हे सांग.

म्हणून मी त्यांचं कौतुक केलं नाही. ह्या मैदानावर त्यांनी कुणाकुणाला घडवलं, ते वर गेले की मिठागरावर गेले, हे तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं जाणता. त्यांच्या हाताखालचं एकही पोर आपलं दुखणं लपवत नाही, एवढं मात्र तालुक्यात सगळे मान्य करतात. त्याची किंमत कुठल्या करारात किती धरतात, मला कल्पना नाही.

समितीने मला बोलायची संधी दिली, बाईंनी वेळेची घंटा वाजवली नाही, आणि स्वयंपाकवाल्या बायकांनी जेवण अडवून धरलं, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. आता भाषण संपवताना, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं वक्त्याने म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. पण आज ते मी एकट्याने म्हणून भागणार नाही. ते आपल्याला सगळ्यांना मिळून म्हणायचं आहे. आणि ज्याला म्हणायचं, तो मी बोलायला उठलो तेव्हापासून मागच्या दाराशी, टोपी हातात घेऊन उभा आहे.

जरा मागे वळा.