टोरांटोची भिंत

नाही, पण मी काय म्हणतो, यात त्या पोरीची चूक काय हो? आमच्या मुलुंडला, समोरच्याच दारात राहते उत्तरा. पाच वर्षं पीएच.डी. करतेय. कशात? तर दोन फोटोंतली जागा एकच आहे की वेगळी, हे कॉम्प्युटरने ओळखायचं. एक फोटो सकाळचा, दुसरा संध्याकाळचा, एक समोरून, एक तिरका... तरी ओळखायचं! त्यासाठी ही वर्षभर अख्ख्या उपनगरांत भिंतींचे फोटो काढत फिरली. वॉचमन अंगावर यायचे, ‘ओ मॅडम, क्या है उधर?’ काय सांगणार? भिंत है!

आणि नातेवाइकांना काय कळलं? ‘उत्तरा फोटो जुळवते.’ झालं! वाट लागली!

एका रविवारी दुपारी घाटकोपरची नीलममावशी धापा टाकत आली, मागे तिची मुलगी दिशा, हे एवढं तोंड करून.

‘हा फोटो बघ, निहारचा. टोरांटोला असतो, हे मागे त्याचं घर. आणि हा आपल्या दिशाचा. जुळतंय का सांग.’

‘अगं मावशी, मी भिंती जुळवते गं, माणसं नाही—’

‘पण फोटो जुळवतेस ना?’

‘हो, पण—’

‘मग जुळव की! पुढच्या रविवारी सुपारी फोडायचीय!’

आता मावशीपुढे कोणाचं काय चालणार? कटकट मिटावी म्हणून उत्तराने टाकले दोन्ही फोटो कॉम्प्युटरमध्ये. आणि तुम्हाला सांगतो... दिशाच्या फोटोकडे कॉम्प्युटरने ढुंकूनही पाहिलं नाही! निहारच्या मागच्या भिंतीतून सटासट जुळणीच्या हिरव्या रेघा निघाल्या, त्या थेट उत्तरानेच काढलेल्या एका भिंतीच्या फोटोला जाऊन चिकटल्या. कुठली भिंत? जुहूच्या एका हॉटेलची, मागच्या बाजूची! तीच उडालेली टाइल, एसीच्या पाण्याचा तोच ओघळ...

‘भिंती काय, सगळीकडे सारख्याच!’ मावशी म्हणाली.

 दिशाने सरळ निहारला फोन लावला, स्पीकरवर.

‘निहार, कुठे आहेस रे?’

‘टोरांटोत, अजून कुठे? पहाट आहे इकडे, बर्फ पडतोय नुसता...’

आणि मागून आवाज, ‘नारियल पानीऽऽ!’

कोणी हसलंसुद्धा नाही हो. मग तोच बोलला, हळू आवाजात, ‘जॉब गेला गं तिकडचा. आठ महिने झाले. इथे हॉटेलात रिसेप्शनला असतो. आई म्हणाली, टोरांटोच सांग, नाहीतर मुलगी कोण देणार?’

‘जुहूचा म्हणाला असतास ना, तर मेट्रो पकडून आले असते तुला भेटायला,’ दिशा म्हणाली. ‘आता नको.’

आणि तिने फोन ठेवला. उत्तराला वाटलं, पोरगी फसता फसता वाचली, मावशी निदान पाठीवरून हात फिरवेल! छे! मावशी तिच्यावरच उखडली, ‘जुळवायला सांगितलं तर मोडून ठेवलंन हिने! फोटो जुळवतेस ना? मग नीट जुळवायचे!’

पुढच्या महिन्यात उत्तरा तिच्या गाईडसरांसमोर बसली. सर म्हणाले, ‘काम झकास आहे, पण याचा प्रत्यक्ष उपयोग काय?’ तिला राहवलं नाही, नावं गाळून सगळं सांगून टाकलं. सर उठले, केबिनचं दार लावून घेतलं आणि खिशातून हळूच मोबाइल काढला.

‘आमच्या मुलाला, राजेशला, हे स्थळ सांगून आलंय. मुलीच्या मागे बंगला दिसतोय ना, तो तिच्या वडिलांचाच आहे म्हणतात... जरा बघतेस?’

बघितला तिने, मुकाट्याने. काय करेल बिचारी? प्रबंधावर सही त्यांचीच व्हायची होती ना!