भिंतीवरची लाल रेघ

महापालिकेच्या झोन ऑफिसच्या रांगेत गजेंद्र रंगारी उभा होता. त्याच्या पुढे एक म्हातारी रांगेतल्या एका अनोळखी मुलीकडून अर्ज लिहून घेत होती.

"नाव काय लिहू, मावशी?"

"प्रमिलाबाई भाईदास पाटील. खाडीकाठची शेवटची गल्ली."

"तक्रार कसली? पाणी, गटार, लाईट?"

"तक्रार नाही, पोरी. आमच्या गल्लीतल्या भिंती रंगवणार आहेत म्हणे. रंगवा, चांगलंच आहे. आमच्या भिंतीवरची लाल रेघ तेवढी सोडा, असं लिही."

"कसली रेघ?"

"तापीचा मोठा पूर आला, तेव्हा पाणी तिथवर चढलेलं. ओसरल्यावर आमच्या यांनी ओढली. दरवर्षी त्या दिवशी मी रेघेला हळदकुंकू लावते."

"घर बुडवणाऱ्या पाण्याला हळदकुंकू?"

"बुडवलं, पण माळ्याच्या एक वीत खाली थांबलं गं. माळ्यावर आम्ही दोघं अन् चार महिन्यांची धनश्री."

"काका नाही आले?"

"गेले ते. दोन वर्षं झाली."

"फोटो असेल की त्यांचा."

"आहे. पण तो फोटोवाल्यानं काढलाय. रेघ यांच्या हातची आहे."

गजेंद्रने नखांतला पिवळा रंग खरवडला. ती गल्ली रंगवूनच तो इकडे आला होता.

"मावशी, ती रेघ ऑईलपेंटची आहे का हो?"

"हो भाऊ. कारखान्यातला, मागाच्या लोखंडाला लावायचा रंग. का रे?"

"मग अर्ज राहू द्या, लवकर घरी चला. माझा रंग पाण्यातला आहे. सुकायच्या आत पुसून काढू."