तीट लावलेलं पिल्लू

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, तळेवाडीच्या सरपंच चांगुणाताई. व्यासपीठावर बसलेले तालुका आरोग्य अधिकारी साहेब आणि वनरक्षक अमृतराव. ज्यांच्या निरोपासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून इथं जमलो त्या आपल्या आरोग्य उपकेंद्राच्या जगदेवी सिस्टर. त्यांना न्यायला हैदराबादहून आलेले त्यांचे चिरंजीव मन्मथ. आणि शाळेच्या या पत्र्याखाली दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, बंधूंनो, तुम्हा सर्वांना नमस्कार.

खरं तर सिस्टरांविषयी बोलायचा हक्क तुमचा. समोर गोंधळ घालणारी ही निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मली. मी नांदेडची. कॉलेजात शिकवते, सुट्टी मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून रानं धुंडाळते. मग माझ्या हातात हा माईक कशाला? तर तसा चांगुणाताईंचा हुकूम आहे. म्हणाल्या, "मॅडम, ते पिल्लाचं तुम्हीच सांगा. आम्ही सांगायलो की लोकांना थापा वाटायल्यात."

तेव्हा सांगते. माहीत असलेल्यांनी आधीच हसू नये.

ते दुष्काळाचं साल तुम्हाला आठवत असेलच. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते साल. मी किनवटच्या जंगलात वाघाटीचा फोटो काढायला गेले होते. वाघाटी म्हणजे घरच्या मांजरापेक्षाही लहान असं रानमांजर. अंगावर तांबूस ठिपके, डोळे मात्र मोठे. रानात असते, पण दिसत नाही. आटलेल्या नाल्यांच्या कडेनं बसून बसून मी बेजार झाले. मोर दिसले, वानरं दिसली, वाघाटी नाही. हिरमुसून लातूरकडं निघाले, तर चाकूरच्या अलीकडं तुमच्या फाट्यावर गर्दीनं गाडी अडवली.

"काच वर घ्या बाई, बिबट्या निघालाय!"

"कुठं?"

"उपकेंद्रात. सिस्टरच्या मांडीवर."

आता सांगा, असं ऐकल्यावर कोण पुढं जाईल?

भुजंगरावांचा ऊस पाण्यावाचून वाळला होता आणि जनावरांच्या चाऱ्यासाठी तो तोडणं चाललं होतं. त्यात हे पिल्लू सापडलेलं. ठिपके बघून सगळ्यांनी ठरवलं, बिबट्याचं आहे. पारावर तर पुढचे बेतही सुरू झाले होते. "उदगीर जिल्हा होऊ द्या, आपल्या गावाला अभयारण्य करतेत बघा!" "अन् आपुन कुठं जायचं?" "आपुन? तिकीट फाडायचं!"

उपकेंद्रात गेले, तर लसीकरणाच्या टेबलामागं सिस्टर बसलेल्या. मांडीवर बाळंतिणीच्या पोराला गुंडाळतात तसल्या मऊ फडक्यात एक जीव. तोंडानं चालू होतं, "ए कूसू, रडू नको रे." सिस्टरांच्या उदगीरकडच्या घरांत बाळाला कानडीत कूसू म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. आणि त्या कूसूच्या गालावर काजळाची ठसठशीत तीट!

तेवढ्यात अमृतराव आले. पिल्लू पाहिलं आणि म्हणाले, "हे बिबट्याचं नव्हं. वाघाटीचं हाय. माय जवळच असंल. होतं तिथं नेऊन ठेवायचं, ऊस तोडणं बंद करायचं, अन् लांब सरकायचं." मग त्यांनी विचारलं, "कुणी लई हाताळलं तर न्हाई ना?"

सगळ्यांनी दारातल्या नागुबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "हाताळलं न्हाई. न्हाऊ घातलं फकस्त."

टँकरच्या पाण्यानं! त्या वर्षी! त्यांच्या सुनेनं तिथंच सुनावलं, "मला डोक्यावरून घ्यायला तांब्याभर पाणी न्हाई, अन् वाघाला आंघोळ!"

नागुबाई म्हणाल्या, "धुळीनं माखलं होतं गं. लेकरूच हाय की."

अमृतरावांनी कपाळाला हात लावला. पिल्लाच्या अंगाला आता ना उसाचा वास होता, ना मायचा. होता साबणाचा, फडक्याचा, काजळाचा आणि तुम्हा सगळ्यांच्या हातांचा. माय त्याला घेईल का? त्यांनाही ठाऊक नव्हतं. "कवा घेते, कवा न्हाई," एवढंच म्हणाले. सिस्टर तीट पुसायला गेल्या, तर म्हणाले, "राहू द्या. आता आणखी हात नको."

भुजंगरावांनी उसाचा तेवढा तुकडा उभा ठेवला. त्यांची जनावरं दावणीला हंबरत होती, तरी ठेवला. हे आज त्यांच्या तोंडावर सांगायला मला बरं वाटतं. पिल्लू टोपलीत घालून त्या उसाच्या कडेला ठेवलं आणि आम्ही लांब बांधावर माझ्या गाडीत जाऊन बसलो. पुढं अमृतराव, मागं सिस्टर आणि मी. दिवस मावळला. माय आली नाही.

पुढचं सांगू का, म्हणून मी काल सिस्टरांना विचारलं. "सांगा, आता काय लपवायचंय," म्हणाल्या. म्हणून सांगते.

वाट बघता बघता त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, तीट लावायला नको होती मी. हात गेला बघा. मन्मथला लावायचे तशीच." मग म्हणाल्या, "तो नुकता चालायला लागलेला, अन् माझी नेमणूक किनवटला. मालक आधीच गेलेले. लेकराला उदगीरला आईपाशी ठेवलं. सुट्टी मिळाल्यावर धावत गेले, हात पसरले, तर आज्जीच्या पदरामागं लपला. म्हणतो कसा, 'ही दवाखान्याची बाई हाय. हिचा वास येतो.' स्पिरिटचा हो. किती धुतलं अंग, जातंय होय?" आणि काचेतून त्या टोपलीकडं बघत म्हणाल्या, "वासानं लेकरू आईला घेईना. आई तरी लेकराला घेईल का हो?"

मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

उजाडताना ती आली. वाळल्या पाचोळ्यातून, आवाज न करता. केवढीशी! मी जिच्यासाठी किनवट पालथं घातलं, ती ही. टोपलीपाशी आली, हुंगलं आणि मागं सरली. सिस्टरांनी डोळे मिटले. ती पुन्हा पुढं आली. पुन्हा हुंगलं. मग तिनं पिल्लाला चाटायला सुरुवात केली. कान, पोट, पाय... नागुबाईंच्या आंघोळीवर तिनं तिची आंघोळ घातली म्हणा ना. आणि मानेला धरून उचललं.

तेव्हाचा हा फोटो. थोडा हललेला आहे. दोष कॅमेऱ्याचा नाही. सिस्टरांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

हा फोटो मी पुढं एका स्पर्धेला पाठवला. तो परत आला. पिल्लाच्या गालावर काजळ दिसतं, अर्थात ते पाळीव आहे, असा शेरा. कुणी म्हणालं, संगणकावर तेवढा डाग काढून टाक आणि पुढच्या वर्षी पाठव. मी सिस्टरांना फोन केला. "पुसा की," त्या म्हणाल्या, "माझ्या तिटीपायी तुमचं बक्षीस का जावं?" पुसायला बसलेही होते. पण वाटलं, ती तीट बघून माय मागं फिरली नाही. मग मी कोण पुसणार?

तोच फोटो, तीट न पुसता, चौकटीत बसवून आज मी सिस्टरांना देते आहे. सिस्टर, घराच्या दारासमोरच लावा. आल्यागेल्याला दिसू द्या.

आणि मन्मथ, तुम्ही मघापासून खाली बघताय. मी तुम्हाला लाजवायला उभी नाही. तुम्ही तेव्हा लेकरू होतात. आज तुम्ही स्वतः गाडी घेऊन आलात, आईचं सामान स्वतः बांधलंत, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. एकच सांगणं आहे. तुमच्या आईच्या अंगाला अजून स्पिरिटचा वास येईल. शिवाय इथल्या चुलींचा येईल, बाळंतिणींच्या खोल्यांतल्या शेक-शेगडीचा येईल, या गावातल्या प्रत्येक लेकराचा येईल. एवढ्या वर्षांत या गावानं त्यांना फार हाताळलं आहे. तो वास धुऊन जायचा नाही. तुम्ही त्यांना तशाच घेऊन जा.

बोलायला बोलावल्याबद्दल चांगुणाताईंची, गावकऱ्यांची मी ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाच्या घरची गोष्ट उघड्यावर आणली असेल, नागुबाईंची थट्टा जरा जास्त झाली असेल, तर सगळं पोटात घाला. आता नागुबाई काजळाची डबी घेऊन कधीच्या उभ्या आहेत. सिस्टरांना तीट लावल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही म्हणतात. मी बाजूला होते.

नमस्कार.